पार्थपुराचे माजी विद्यार्थी

मूल्यांकनाला नॅकची समिती येणार म्हटलं की कॉलेजच्या ऑफिसात माजी विद्यार्थ्यांच्या यादीची धावपळ सुरू होते. जुनी रजिस्टरं निघतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर निरोप फिरतात, कोण कुठे लागलं याची चौकशी होते. रकाने ठरलेले असतात: नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, सध्याचा हुद्दा, नोकरीचं ठिकाण, मोबाइल नंबर. कुणी तहसीलदार झालेला असतो, कुणी पुण्यात आयटीत, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेवर, कुणी फौजदार. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी अशी यादी जमवणं सोपं नसतं, आणि ती वाचताना ऊर भरून येतो, कारण त्यातले कितीतरी जण आपल्या घरातले पहिलेच पदवीधर असतात. पण दोन गोष्टी त्यात सापडत नाहीत. या मुलाला शिकवलं कुणी, हे नसतं. आणि तो मूळचा कुठल्या गावचा, हेही नसतं.

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीला ही उणीव जास्त बोचावी, असा त्या गावाचा इतिहास आहे. बाहेरच्या माणसाला पाथरी म्हटलं की साईबाबांच्या जन्मस्थळाचा वाद आठवतो. जानेवारी २०२० मध्ये तो सगळ्या वर्तमानपत्रांतून गाजला. पण सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या संस्कृत पोथ्यांमध्ये हे गाव 'पार्थपुर' या नावानं भेटतं, आणि ते नाव तिथे नोंदवलं विद्यार्थ्यांनी. ग्रंथ पुरा झाला की आपलं नाव, बापाचं नाव, गुरूचं नाव आणि गाव लिहायचं, अशी तेव्हा शिकलेल्या माणसाची रीत होती. संस्थेनं आपल्या विद्यार्थ्यांची यादी करायची, ही रीत फार नंतरची. यादी लिहिणारा हात कसा आणि कधी बदलला, ते पाथरीच्या वाटेनं जात पाहता येतं.

सुरुवात मात्र चाळीसगावजवळच्या पाटण्यापासून करावी लागते. तिथल्या भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. काळ १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटण्याला मठ काढला आणि त्या मठाला मिळालेलं दान दगडावर कोरवून घेतलं. त्याबरोबर घराण्याचं कर्तृत्वही आलं. त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, ज्याला भोजराजानं 'विद्यापती' हा किताब दिला, पुढे काही पिढ्यांनंतर महेश्वर, त्याचा मुलगा भास्कराचार्य, त्याचा मुलगा लक्ष्मीधर, ज्याची विद्वत्ता पाहून जैत्रपाल राजानं त्याला पाटण्याहून दरबारात नेलं, आणि लक्ष्मीधराचा मुलगा हा चांगदेव. कुणाला कुठली पदवी, कुणाची नेमणूक कुठे, सगळं त्यात आहे. आजच्या यादीतला 'सध्याचा हुद्दा' हा रकाना आठशे वर्षांपूर्वी असा दगडावर भरलेला आहे.

या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, ज्ञानेश्वरीच्या ऐंशीएक वर्षं आधीच्या मराठीत. मठाला कोण काय देणार, त्याची ती नोंद. घाण्यामागे पळीभर तेल, अशा हिशेबाची. वंशाची थोरवी संस्कृतात गायली, पण तेल्यानं किती तेल घालायचं ते तेल्याला कळेल अशा बोलीत लिहिलं. शिक्षणाचा खर्च कोण उचलतो याची इतकी स्वच्छ कबुली पुढच्या कुठल्याही विद्यापीठाच्या अहवालात मला दिसलेली नाही.

देवगिरीच्या त्याच दरबाराशी पाथरीचं एक घराणं जोडलेलं होतं. त्यांचा राम नावाचा पूर्वज रामदेवराव यादवाच्या पदरी मान पावला, असं त्या घराण्यात पुढे लिहून ठेवलेलं आहे. देवगिरी बुडाली, दिल्लीची सत्ता आली, मग बहमनी आली, पण घराण्यातलं शिकणं-शिकवणं तुटलं नाही. त्याच घराण्यात नागनाथाचा मुलगा ज्ञानराज झाला. त्यानं १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' लिहिला. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा. त्यानंतर साडेतीनशे वर्षं त्या तोलामोलाचा सिद्धान्तग्रंथ कुणी हाती घेतला नव्हता. तो घेतला गोदाकाठच्या या गावातल्या माणसानं. ग्रहगणित त्यात आहेच. पुराणांतलं विश्ववर्णन आणि ज्योतिषाचं गणित यांचा मेळ घालण्याची धडपड आहे. भास्कराचार्यांच्या चुका काढण्याची हिंमत आहे. आणि मध्येच ऋतूंचं एक आख्खं काव्य आहे. ग्रहांची गती मोजता मोजता हा माणूस पावसाळ्याचं वर्णन करायला थांबतो. पाथरीतला पाऊस ज्याला माहीत आहे, किती उशिरा येतो आणि आला की काळ्या रानाचं काय करतो, त्याला हे थांबणं कळेल.

ज्ञानराजानं शाळा काढल्याची सनद नाही की दानपत्र नाही. त्याच्याकडे कोण शिकलं ते कळतं ते शिकलेल्यांच्या ग्रंथांवरून. एक त्याचा मुलगा चिंतामणी. त्यानं बापाच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरा ढुंढिराज. हा ज्ञानराजाचा मुलगा नव्हे, पाथरीच्याच नृसिंह ज्योतिष्याचा. त्याचा 'जातकाभरण' आजही ज्योतिषांच्या फडताळात असतो, छापील प्रती बाजारात मिळतात. ती प्रत उघडून पाहण्यासारखी आहे. आरंभीच ढुंढिराज सांगतो की गुरू ज्ञानराजाचे पाय मनात धरून मी हा ग्रंथ रचतो. शेवटी सांगतो की गोदावरीच्या तीरावर पार्थ नावाचं नगर आहे, गोलविद्येत नाव कमावलेल्या माझ्या पूर्वजांची वस्ती तिथली. पत्रिका पाहायला म्हणून ते पुस्तक चाळणाऱ्या महाराष्ट्रातल्या, काशीतल्या, राजस्थानातल्या माणसाच्या नजरेखालून पाचशे वर्षं पाथरीचं नाव जात आलंय. गावाचं नाव एवढं लांब पोहोचवणारा दुसरा माजी विद्यार्थी पाथरीला मिळालेला नाही.

आणि तिसरा, सगळ्यांत विलक्षण, धाकटा मुलगा सूर्यदास. जन्म १५०७-०८ चा. त्यानं १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली आणि १५४१ मध्ये लीलावतीवर 'गणितामृतकूपिका'. गीतेवर भाष्य लिहिलं, 'नृसिंहचंपू' लिहिलं. शिवाय 'रामकृष्णविलोमकाव्य' लिहिलं. आपल्याकडे पोरं 'चिमा काय कामाची' उलटं वाचून खूश होतात, उलटंसुलटं सारखंच. सूर्यदासाचा खेळ याहून कितीतरी अवघड आहे. त्याची ओळ सुलट वाचली की रामाची कथा. तीच अक्षरं शेवटाकडून मागे वाचत आलं की कृष्णाची कथा. हे एका ओळीपुरतं नाही, श्लोकामागून श्लोक चालतं. पुढे ऑक्सफर्डमध्ये संस्कृत शिकवलेले क्रिस्टोफर मिंकोव्स्की यांनी २००४ मध्ये यावर निबंध लिहिला आणि या काव्यप्रकाराचा जनक म्हणून सूर्यदासाला मान दिला. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या तोलणारा गणिती आणि दोन्हीकडून वाचता येणारी ओळ रचणारा कवी हा एकच माणूस असावा, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. त्याचं शिक्षण झालं घरात, बापाकडे. ते तो लपवत नाही, उलट अभिमानानं सांगतो.

त्याच काळात पाथरीच्याच एका घराण्यातलं दुसऱ्या तऱ्हेचं कर्तृत्व घडलं. फिरिश्ता या इतिहासकारानं ते सांगितलंय. मुळात पाथरीच्या कुलकर्ण्यांचं घर. त्यातला भैरूचा मुलगा तिमा विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती सापडला. बीदरला त्याचं नाव हसन झालं. पोरगा लिहिण्यावाचण्यात तरबेज निघाला म्हणून त्याला शहजाद्याबरोबर फारसी-अरबी शिकवली. हाच पुढे मलिक नायब निजामुल्मुल्क बहरी, बहमनी राज्यातला सर्वांत वजनदार माणूस. १४८६ मध्ये त्याचा खून झाला. त्याचा मुलगा अहमद यानं अहमदनगर वसवून निजामशाही उभी केली. आणि नातू बुऱ्हाण? त्यानं वऱ्हाडच्या इमादशहाकडे पूर्वजांचं पाथरी गाव मागितलं. बदल्यात दुसरा मुलूख देतो म्हणाला. इमादशहानं नकार दिला, तेव्हा १५१८ मध्ये फौज घालून त्यानं पाथरी घेतली. ज्ञानराजाचा धाकटा मुलगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल.

एकाच गावातून निघालेल्या या दोन वाटा मी शेजारी ठेवून पाहतो. हसनला कुणी विचारून शिकवलं नाही. त्याचं गाव, नाव, आई-बाप हिरावून मग शिकवलं. त्यानं स्वतःविषयी काही लिहून ठेवलं नाही; जे कळतं ते दरबारी इतिहासातून. ज्ञानराजाच्या शिष्यांना राज्य मिळालं नाही, पण आपण कोण, कुठले, कुणाचे, हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. हसनच्या कर्तृत्वाचा हिशेब ठेवणारा हात दुसऱ्याचा होता, आणि पुढे सगळ्याच शिकलेल्यांच्या बाबतीत तसं होत गेलं.

पार्थपुरचं हे घराणं मराठी वाचकांपुढे आणलं शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे. मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण, आयुष्यभर शाळामास्तरकी. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' १८९६ मध्ये छापून आला, पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीनं त्याला बक्षीस दिलं. त्यात ज्ञानराजाची वंशावळ आहे, ग्रंथांची चर्चा आहे आणि पार्थपुर म्हणजे आजची पाथरी हेही आहे. विद्यापीठाची पदवी नसलेल्या शिक्षकानं पोथ्या धुंडाळून ज्या माणसांना जागं केलं, त्यांच्यावर पुढे विद्यापीठांनी पदव्या दिल्या. 'सूर्यप्रकाश' पुष्पा कुमारी जैन यांनी संपादित केला, तो २००१ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं छापला. 'सिद्धान्तसुंदर'वर टोके क्नुडसेन यांनी अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात पीएच.डी. केली, त्याचं इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये पुस्तकरूपानं आलं. पाथरीच्या गुरूपाशी पाचशे वर्षांनी शिकलेला हा विद्यार्थी म्हणायला हरकत नाही.

यादी संस्थेच्या हातात गेली ती इंग्रजी अमलात. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पहिले बी.ए. १८६२ मध्ये झाले, चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाच्या कॅलेंडरात पदवीधरांची नावं वर्षवार छापली जाऊ लागली. नाव, कॉलेज, वर्ष, वर्ग. गुरूचं नाव गळालं. त्याचं एक कारण रास्तही होतं. विद्येचा दाखला आता एका माणसाच्या शब्दावर किंवा एका घराण्याच्या दारावर अवलंबून राहिला नाही. जातीमुळे ज्याला कुणी गुरू उभंच करत नव्हता, त्यालाही परीक्षेला बसता येऊ लागलं. ज्ञानराजाचा ओटा कितीही थोर असला तरी तिथे कोण बसू शकत होतं हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून गुरूचं नाव गेल्याचं मला वाईट वाटतं, पण ते ज्या कारणानं गेलं त्या कारणाची किंमतही मी कमी करणार नाही.

पाथरी मुंबई इलाख्यात नव्हती, निजामाच्या राज्यात होती. इथल्या मुलाला पदवी हवी तर हैदराबाद गाठायचं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, माध्यम उर्दू. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमिजिएट कॉलेज निघालं, त्यापुढचं शिकायला पुन्हा हैदराबाद. घरात मराठी, कचेरीत आणि कॉलेजात उर्दू. मराठवाड्यातल्या त्या पिढीचे जुने कागद पाहिले की मोडी, नागरी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्या एका घरात सापडतात.

त्या विद्यापीठाच्या इतिहासात १९३८ या एकाच सालात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही या विषयाशी जोडलेल्या आहेत. उस्मानियाच्या पदवीधरांची एक संघटना होती. राज्याची आर्थिक पाहणी करायची होती आणि पैसे नव्हते, म्हणून त्यांनी हैदराबादच्या बागे-आममध्ये देशी मालाचं प्रदर्शन भरवलं. अडीच रुपयांच्या भांडवलावर आणि शंभरेक दुकानांनिशी ते सुरू झालं असं सांगतात. तीच ही 'नुमाइश'. आज ती दर वर्षी १ जानेवारीपासून दीड महिना नामपल्लीच्या मैदानावर भरते. माजी विद्यार्थी एकत्र येऊन काय करू शकतात याचं आपल्या भागातलं इतकं टिकाऊ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. स्नेहसंमेलन करून, सत्काराचे हार घालून ते थांबले नाहीत. गावाला उपयोगी पडेल असा बाजार उभा केला.

आणि त्याच साली नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हटलं. बंदी आली. मुलं हटली नाहीत, लोण हैदराबादला पोहोचलं आणि उस्मानियानं मुलांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्याकडे घेतलं. कितीतरी जण घरदार सोडून नागपूरला गेले आणि तिथले पदवीधर झाले. या चळवळीत शिक्षण तुटलेल्यांपैकी एक पी. व्ही. नरसिंह राव, त्यांनी कायद्याची पदवी नागपूरला घेतली आणि ते पुढे देशाचे पंतप्रधान झाले. आता ही मुलं माजी विद्यार्थी कुणाचे म्हणायचे? ज्यानं काढलं त्याचे, की ज्यानं घेतलं त्याचे? यादी संस्थेच्या हाती असली की असा पेच पडतो. त्या मुलांनी स्वतः लिहिली असती तर त्यांनी वसतिगृहाची ती खोलीही लिहिली असती.

उस्मानियातून कायदा शिकून बाहेर पडलेले शंकरराव चव्हाण यांचं कर्तृत्व पाथरीच्या माणसाला शेतात उभं राहून दिसतं. पैठणचा जन्म, नांदेडची कर्मभूमी, दोनदा मुख्यमंत्री, केंद्रात गृह आणि अर्थ ही खाती. पण इकडे त्यांची ओळख पाण्याची. जायकवाडीच्या धरणासाठी त्यांनी पाटबंधारे मंत्री म्हणून जिद्द धरली. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा पाथरी तालुक्यातून जातो. ज्वारी-कापसाच्या रानात ऊस उभा राहिला तो या पाण्यावर. तो ऊस चांगला की वाईट, हा वाद आता जोरात आहे आणि व्हायलाच हवा. पण पदवीधराच्या कर्तृत्वाचं मोजमाप हुद्द्यापेक्षा कालव्यात जास्त खरं होतं, एवढं मान्य करायला अडचण नसावी.

स्वातंत्र्यानंतर कॉलेज जवळ आलं. औरंगाबादला बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये कॉलेज काढलं, तेच मिलिंद. त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आलं आणि हैदराबादची वाट संपली. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ झालं आणि परभणी जिल्हा त्याच्याकडे गेला. ज्या स्वामीजींचं नाव त्या विद्यापीठाला आहे, ते स्वतः शिकले टिळक विद्यापीठात, सरकारनं ज्याच्या पदवीला तेव्हा किंमत दिली नव्हती त्या राष्ट्रीय विद्यापीठात.

या सगळ्या काळात गुरूचं नाव कागदावरून गेलं तरी मराठवाड्यात तोंडी टिकून राहिलं. याचं मोठं उदाहरण नरहर कुरुंदकर. वसमत तालुक्यातलं कुरुंदा हे त्यांचं गाव, तेव्हा परभणी जिल्ह्यात. मामा नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. भाचा मात्र इंटरला अडखळला. नांदेडच्या शाळेत शिकवता शिकवता पुढच्या पदव्या घेतल्या, १९६३ पासून पीपल्स कॉलेजात मराठी शिकवलं, पुढे तिथले प्राचार्य झाले. पन्नाशीही पुरी न होता १९८२ मध्ये गेले. नांदेड-परभणीकडे आजही साठी-सत्तरीचा माणूस ओळख करून देताना निवृत्तीच्या हुद्द्याआधी सांगतो, मी कुरुंदकर गुरुजींचा विद्यार्थी. ढुंढिराजानं पोथीच्या आरंभी जे लिहिलं, तेच हे वाक्य. फरक इतकाच की आता ते बोलण्यात उरलंय, यादीत येत नाही.

आणि यादीत येऊच शकत नाही असा एक माणूस या जिल्ह्यात झाला. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे कवी बी. रघुनाथ. सातोन्याला १९१३ मध्ये जन्म. मॅट्रिक झाले, पुढे शिकायची परिस्थिती नव्हती, परभणीला बांधकाम खात्यात कारकून लागले. ७ सप्टेंबर १९५३ ला ऑफिसात काम करतानाच गेले. वय चाळीस. 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी त्यांच्या मागे छापून आली. त्यांच्यावर आज प्रबंध होतात, बी.ए.-एम.ए.ची मुलं त्यांच्यावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहितात. कुठल्याच कॉलेजचा हा माजी विद्यार्थी नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं गावाचं नाव टिकवायची आणखी एक रीत घालून दिली, आणि मला ती फार आवडते. विद्यापीठ १८ मे १९७२ चं. २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावाचं. १९८०च्या दशकात भेंडीवर हळद्या रोगानं थैमान घातलं होतं. पांढरी माशी विषाणू पसरवते, पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पान, मग फळ. तेव्हाची नावाजलेली 'पुसा सावनी' हात टेकत होती. जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी भेंडीच्या एका रानटी नातलगाशी तिचा संकर केला. अशा दूरच्या संकरातली संतती बहुधा वांझोटी निघते. म्हणून तिला पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी जुळवत, रोगाच्या रानात लावून निवडत जावं लागलं. त्यातून जी स्थिर जात निघाली तिचं नाव 'परभणी क्रांती'. डॉ. नेरकर पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण बियाण्याच्या पाकिटावर ना त्यांचं नाव आलं, ना जांभळ्यांचं. आलं परभणीचं. उत्तर प्रदेशातल्या, बिहारमधल्या शेतकऱ्यानं परभणी कुठे आहे ते न कळता तिचं नाव घेऊन दुकानात बियाणं मागितलं. काळाच्या ओघात त्या जातीचा प्रतिकार उणावला, जशी सगळ्याच जातींची गत होते. ज्वारीत 'परभणी मोती' आली, मग लोह-जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' आली. नाव तेच पुढे चाललं.

पदवीला राज्यघटनेनं एक जास्तीचं मतही दिलंय, आणि पाथरीच्या तहसील कचेरीत त्यासाठीचा अठरा नंबरचा फॉर्म भरायला रांग लागते तेव्हा हे लक्षात येतं. विधान परिषदेच्या एक द्वादशांश जागा पदवीधर निवडून देतात. महाराष्ट्रात ७८ पैकी ७. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. मतदारयादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं होते, जुनं नाव आपोआप पुढे जात नाही. फॉर्मबरोबर पदवीची झेरॉक्स, राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. माजी विद्यार्थ्यांची सरकारनं ठेवलेली ही यादी.

या दोन्ही याद्यांतून, सरकारच्या आणि कॉलेजच्या, बाई निसटते. पदवीवर तिचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. कॉलेजच्या रजिस्टरात जी मुलगी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली दिसते, तिचा फोन लागत नाही. ती कुठल्या आडनावानं, कुठल्या गावी, कुठल्या शाळेत शिकवते आहे ते विचारायला तिच्या भावाला गाठावं लागतं. मतदार नोंदणीला लग्नाचा दाखला जोडावा लागतो. पाटण्याचा दगड, ज्ञानराजाची वंशावळ, यांचा सगळा धागा बापाकडून मुलाकडे जातो. आज पाथरीहून एसटीच्या पासावर परभणीला शिकायला जाणाऱ्या मुलींची संख्या स्टँडवर सकाळी डोळ्यांनी दिसते. त्यांच्या कर्तृत्वाची यादी करायची तर रजिस्टरात दोन्ही नावांना जागा करावी लागेल, आणि ती प्रवेशाच्या दिवशीच करावी लागेल. त्याच फॉर्मवर आणखी दोन ओळी सहज मावतील: मूळ गाव, आणि शाळेत ज्यांनी शिकवलं त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव. ते विद्यार्थ्यानं स्वतःच्या अक्षरात लिहावं.

राज्य सरकारनं मार्च २०२४ मध्ये एक निर्णय केला. १ मे २०२४ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी आणि शिक्षणाच्या कागदांवर लिहिताना आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम राहील. पाथरीच्या सरकारी दवाखान्यात त्या मे महिन्यात जन्मलेली मुलं २०४५ च्या आसपास बी.ए., बी.एस्सी. होतील. ज्ञानराजाच्या गावातल्या पदवीपत्रावर आईचं नाव तेव्हा वडिलांच्या नावाआधी छापलेलं असेल.